पांढऱ्या साडीचा उजेड

आमच्या एकोडीच्या घरात सकाळचा पहिला आवाज दोऱ्याचा असायचा. वहिनी दोऱ्याचं एक टोक दातात धरायची, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत ताणायची आणि समोरच्या बाईच्या भुवईवरून असा फिरवायची की कर्र, कर्र असा बारीक आवाज थेट चुलीपर्यंत यायचा. मधेच त्या बाईचं ‘अवो माय!’ आणि त्यावर वहिनीचं, दातात दोरा असल्यामुळे तोंड न उघडता काढलेलं, ‘हूं हूं’. म्हणजे हलू नका. चुलीवर आईचा भात रटरटत असायचा, शेजारच्या पातेल्यात लाखोळीची डाळ शिजत असायची आणि गावाबाहेरच्या राईस मिलचा भोंगा व्हायच्या आत अंगणवाडीतल्या बाई, दूध घालायला आलेल्या काकू, धानावर कामाला निघालेल्या एकदोघी भुवया नीट करून घेऊन जायच्या. रोवणीला जाताना भुवया कोणासाठी करता, असं आई त्यांना विचारायची. त्या हसायच्या. ‘चिखलात तोंडच तं दिसते, बाई,’ असं एकीनं सांगितलेलं मला आठवतं.

पार्लर म्हणजे आमच्या पुढच्या सपरीला, म्हणजे ओसरीला, लागून असलेली खोली. आधी तिथं धानाची पोती राहायची. पोती मागं हलवली, भिंतीला पिवळा रंग दिला, वहिनीनं आसगावहून माहेरचा मोठा आरसा आणला, दादानं साकोलीच्या एका सलूनवाल्यानं टाकून दिलेली फिरती खुर्ची लाल रंगवून आणली. तरी त्या खोलीतून धानाचा वास कधी गेला नाही. पावडर, क्रीम, मेंदी आणि त्याखाली कोंड्याचा वास. आज भंडाऱ्यात एखाद्या मोठ्या, काचेच्या दाराच्या पार्लरवरून जाताना आतून गार सुगंधी हवा येते, तेव्हा त्यात काहीतरी कमी आहे असं मला वाटतं. ते काय, हे मी कोणाला सांगत नाही.

बाबांची मात्र पंचाईत झाली होती. पुढच्या दारानं आलं की खोलीत कोणीतरी तोंडाला पांढरा लेप लावून बसलेलं. म्हणून ते अंगणातच थांबून जोरात खोकायचे. बाया पदर सावरायच्या, वहिनी दार लोटायची, मग ते मान खाली घालून आत यायचे. पुढंपुढं खोकणंही त्यांना अवघड वाटू लागलं आणि ते गोठ्याकडून, मागच्या दारानं यायला लागले. आपल्याच घरात मागच्या दारानं यायला लागलं म्हणून त्यांनी कधी तक्रार केली नाही. तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं.

मी त्या वर्षी साकोलीच्या कॉलेजात जायला लागले होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आईला बी. ए. म्हणजे काय ते नीट सांगता यायचं नाही, ती लोकांना सांगायची, ‘मोठ्या शाळेत हाये.’ आणि ती मोठ्या शाळेतली मुलगी शेवटच्या बाकावर बसायची. सरांनी नाव विचारलं तर असं सांगायची की सर पुन्हा विचारायचे. माझ्या बोलण्यातलं ‘मले’ आणि ‘तुले’ ऐकून दोन मुली एकदा हसल्या होत्या, त्यानंतर मी बोलणंच कमी केलं होतं. घरी आलं की मात्र वहिनीच्या खोलीत एका कोपऱ्यात स्टूल घेऊन बसायचं, तिला पिना द्यायच्या, ब्रश धुवायचे. तिथं मला कोणी काही विचारत नव्हतं. मी त्या कोपऱ्याची ऋणी आहे.

दादानं नवा मोबाईल घेतला आणि नवरी मुलींचे फोटो काढायचं काम माझ्याकडं आलं. कॉलेजात जाते म्हणजे हिला सगळं येतं, असा घरचा समज. त्या मोबाईलमध्ये चेहरा सुंदर करायचं एक बटण होतं आणि ते घेतल्यापासून चालूच होतं. आम्हाला ते बटण आहे हेच माहीत नव्हतं, मोबाईल चांगला आहे एवढंच आम्ही समजत होतो. फोटोतली नवरी दुधासारखी गोरी यायची, गालावर एक डाग नाही, डोळे मोठे, नाक बारीक. नवरीच्या मावश्या, काकवा मोबाईलभोवती गोळा व्हायच्या. ‘पाह्य व, कशी सिनेमावाली दिसून राह्यली!’ मग मला हुकूम व्हायचा, ‘माह्याबी काढ व पोरी. अशीच गोरी काढजो.’ फोटो घरोघरच्या मोबाईलवर फिरायचे आणि पुढच्या लग्नाचं बोलावणं यायचं. लग्नाच्या दिवसांत वहिनीचा पाय घरात ठरत नव्हता.

वहिनीविषयी एक गोष्ट इथं सांगायला हवी. ती दहावी झाली होती. आसगावच्या शाळेत मास्तर बाहेर गेले की वर्ग सांभाळायला तिला फळ्यासमोर उभं करायचे आणि तिला तेच व्हायचं होतं, मास्तरीण. पण दहावीनंतर पवनीला रोज जाऊ द्यायला घरचे तयार झाले नाहीत. पवनीत तिची मामी राहायची, तिच्या शेजारी पार्लर होतं, म्हणून सुट्टीत ते शिकली. एका संध्याकाळी विहिरीवर ब्रश धुताना ती मला म्हणाली होती, ‘प्रणाली, मले एकदा तरी फळ्यासमोर उभं राह्यचं आहे व. समोर पोरी बसल्या आहेत, अन् मी सांगून राहिली आहो.’ बोलून झाल्यावर तिनं ब्रश इतक्या जोरात झटकले की पाणी माझ्या तोंडावर उडालं, आणि आम्ही दोघी हसलो.

म्हणून भंडाऱ्याच्या एका केंद्रात मुलींना पार्लरचं काम शिकवायला बाई पाहिजे असं कळलं, तेव्हा घरात वहिनीपेक्षा मीच जास्त उड्या मारल्या. तिथल्या मॅडमनी कामाचे फोटो घेऊन बोलावलं होतं. आम्ही चांगले निवडून साकोलीच्या स्टुडिओतून मोठे करून घेतले, अल्बमात लावले. वहिनी लग्नातली जांभळी साडी नेसली. आईनं डब्यात तांदळाच्या भाकरी आणि सुक्या झिंग्यांची चटणी बांधून दिली आणि वर बजावलं, ‘ऑफिसात नका उघडू, वास सुटते.’

मॅडम पन्नाशीच्या होत्या, आवाज शांत. त्यांनी अल्बम पाहिला, मग दोन फोटो बाहेर काढून टेबलावर शेजारी ठेवले.

‘या दोघी बहिणी आहेत का?’

‘नाही जी,’ वहिनी म्हणाली. ‘एक आमच्या गावची हाये, एक लाखनीकडची.’

‘मग हिचं नाक तिला कसं आलं?’

आम्ही वाकून पाहिलं. खरंच, नाक तेच होतं. गाल तेच होते. आमच्या गावची वर्षा चांगली रुंद चेहऱ्याची, हसली की गालाला खळी पडणारी. फोटोत खळी नव्हती. वहिनीनं तिच्या पापण्यांवर सोनेरी रंगाच्या कडेला हिरवा इतका हळूहळू मिसळला होता की मी खुर्चीमागं उभं राहून पाहतच राहिले होते. फोटोत नुसता एक पुसट पिवळा डाग होता.

‘ताई, मला यात तुमचा हात दिसत नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘मोबाईलचा दिसतो. तुमचं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला ते दिसलंच नाही.’ मग त्यांनी पाणी मागवलं आणि ते बटण कुठं असतं ते मला स्वतः दाखवलं. पावसाळ्याआधी नवी तुकडी सुरू होणार होती. तोवर एक नवरी आणून दाखवा, म्हणाल्या. मेकअपच्या आधीचा फोटो आणि नंतरचा. जागा तीच, उजेड तसाच, आणि मोबाईलनं चेहऱ्याला हात लावायचा नाही.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. रडू येत होतं. वहिनीनं डबा उघडला, झिंग्यांचा वास बसभर पसरला, पुढच्या सीटवरच्या आजोबांनी वळून पाहिलं. तिनं त्यांनाही एक भाकरी दिली. मग मला म्हणाली, ‘मॅडमनं खोटं काय सांगितलं, सांग बरं. वर्षाची खळी कुठं गेली, तुह्या तरी ध्यानात आलं होतं का? माह्याबी नाही आलं. खा आता.’

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात फोटोची शाळा भरली. बटण बंद करून पहिला फोटो काढला तो वहिनीनं मेकअप केलेला माझाच होता, आणि तो पाहून ती किंचाळलीच. ‘अवो बापा! एवढी खरबडीत?’ गालावर पावडर कोरडी बसली होती, मानेचा रंग वेगळा आणि चेहऱ्याचा वेगळा. आरशात हे दिसत नव्हतं, जुन्या फोटोतही नाही. ती तो फोटो मोठा करकरून पाहत बसली आणि म्हणाली, ‘बरं झालं बंद केलं.’ पुढच्या वेळी तिनं आधी माझी मान पाहिली. मग हातातली ती जुनी, सगळ्यांना चालणारी गोरी बाटली ठेवून दिली आणि दोन बाटल्या मिसळून माझा रंग तयार केला. माझा म्हणजे आमच्या अंगणातल्या ओल्या मातीचा. माझ्या रंगाला कोणी इतका वेळ दिल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

उजेडाचं मात्र जमेना. खोलीत ट्यूबलाईटखाली चेहरा हिरवट यायचा. अंगणात ताडपत्री बांधली होती तिच्याखाली निळा. दुपारच्या उन्हात उभं केलं तर नाकाखाली काळी मिशी आणि डोळे बारीक. मला सुचलं म्हणून आम्ही धानाच्या वाळल्या काडांच्या, तणसाच्या ढिगाजवळ गेलो. उन्हात तो ढीग सोन्यासारखा दिसायचा, फोटोही फार देखणा आला, फक्त मी हळद लागल्यासारखी पिवळी झाले होते. लग्नघरीही आम्ही हेच करत आलो होतो. जांभळीच्या फांद्या घातलेल्या हिरव्या मांडवात, नाहीतर गुलाबी कापडाखाली नवरीला उभं करायचो आणि तो हिरवा-गुलाबी रंग चेहऱ्यावर उतरायचा. मोबाईल तो पुसून टाकत होता म्हणून कळलं नव्हतं एवढंच. आणि एकदा तर दोन दिवस सगळेच फोटो धुकट यायला लागले. मोबाईल बिघडला म्हणून दादा स्टुडिओत घेऊन निघाला होता. भिंगावर वहिनीच्या बोटाचं क्रीम लागलं होतं. ओढणीनं पुसलं.

माझं तोंड रोज रंगवून रंगवून वहिनी कंटाळली, म्हणाली, वेगळा चेहरा पाहिजे. आईला बसवलं. आईनं जन्मात कुंकवाशिवाय काही लावलं नव्हतं. ‘माह्या थोबाडाचं काय करता व पोरींनो,’ म्हणत बसली, पण बसली. वहिनीनं फरक दिसावा म्हणून अर्धाच चेहरा केला. तेवढ्यात ताक मागायला शेजारच्या शांताकाकू आल्या आणि दारातच थबकल्या. ‘काय व, नाटकात उभी राहून राहिली का काय? अर्धी राणी अन् अर्धी दासी?’ आई उठून पळायला लागली, वहिनीनं धरून बसवली, आणि याच वेळी मागच्या दारानं बाबा आले. खोकायचं कारण नव्हतं, मागचं दार त्यांचंच. त्यांनी पाहिलं, थांबले आणि अदबीनं म्हणाले, ‘पाहुणे कुठले म्हणायचे?’

‘तुमचीच बायको होय!’ आई ओरडली. ‘डोळे गेले का?’

बाबा तसेच उभे राहिले. ‘मंग चेहरा काहून असा दिसून राह्यला?’ त्यांनी विचारलं, आणि ते मेकअपबद्दल विचारत नव्हते. आई मागच्या दाराकडं तोंड करून बसली होती. त्या दारासमोर काकांच्या गोठ्याची नुकताच चुना दिलेली भिंत होती. भिंतीवर ऊन पडत होतं आणि तिथून फिरून तो उजेड आईच्या चेहऱ्यावर येत होता. सावलीतही तिच्या डोळ्यांत दोन लहान पांढरे चौकोन दिसत होते. मी धावत मोबाईल आणला. त्या फोटोत आई दिसली. कपाळावरच्या आठ्या, डाव्या गालाचा वांग, आणि उजव्या गालावर वहिनीनं केलेलं काम, बोट ठेवून दाखवता येईल असं. ज्या दारानं बाबांना यायला लागत होतं, त्या दारातच आमचा उजेड होता.

नवरी मिळाली ती आंबागडची. सुकेशिनी तिचं नाव, तुमसरला दवाखान्यात सिस्टर होती. तिची मावशी आमच्या गावची, तिनं वहिनीचं नाव सांगितलं. भल्या सकाळी त्यांची गाडी आम्हाला घ्यायला आली. किल्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर, पुढं मांडव, आणि आमच्या नशिबानं मागच्या दारासमोर शेजाऱ्यांची पांढरी भिंत. मी मेकअपच्या आधीचा फोटो तिथंच काढून घेतला. उठून, आंघोळ करून आलेली सुकेशिनी, सावळी, उजव्या भुवईत लहानपणीच्या जखमेची एक रेघ.

खुर्चीत बसताच ती वहिनीला म्हणाली, ‘ताई, मले गोरं नका करू.’

वहिनीनं हात थांबवला. अशी नवरी तिला पहिल्यांदाच भेटत होती. मग सुकेशिनीनं सांगितलं. आधी एक स्थळ आलं होतं. त्यांना पाठवायचा फोटो स्टुडिओवाल्यानं गोरा करून दिला होता. पाहायला आलेल्या बाईनं चहाचा कप खाली ठेवला, मोबाईल तिच्या तोंडाशेजारी धरला आणि विचारलं, ‘फोटोतली पोरगी कुठं हाये?’ ‘आज ज्याच्यासंग लगन हाये, त्यानं मले दवाखान्यात ड्युटीवर पाह्यलं,’ ती म्हणाली. ‘त्यानं फोटो मागितलाच नाही. पण मले पाहिजे एक. माह्यासारखा.’

तिची आत्या दारात उभी राहून ऐकत होती. उंच, दणकट बाई, सुकेशिनीसारख्याच रंगाची, स्वच्छ पांढरी साडी नेसलेली. बौद्ध घरचं लग्न, वंदनेसाठी बहुतेक सगळ्या बाया पांढऱ्या साडीत होत्या. आत्याबाई म्हणाल्या, ‘आयका! येवढ्या दुरून पार्लरवाली आणली, अन् पोरगी म्हंते गोरं नका करू! माह्या दिराच्या पोरीले तं पार्लरवालीनं ओळखू नाही येऊ दिलं.’

‘ओळखू नाही आली तं नवरा कोणाले घेऊन जाईल, आत्या?’ सुकेशिनी डोळे मिटूनच म्हणाली.

वहिनीनं त्या दिवशी जे काम केलं तसं मी पुन्हा पाहिलं नाही. तिनं तिचा रंग तिलाच दिला, थोडा उजळ नाही, थोडा गडद नाही. पापण्यांवर तपकिरी आणि तांबूस, भुवईतली रेघ तशीच ठेवली. पांढरी साडी, तिला बारीक निळा काठ, केसांत मोगरा. सगळं होईपर्यंत ऊन फार पुढं सरकलं होतं, आणि मागच्या दारात येऊन मी पाहिलं तर समोरची भिंत सावलीत गेली होती. जागा तीच होती. उजेड उरला नव्हता.

मी फोटो काढला. साडी दिव्यासारखी लखलखीत आली आणि चेहऱ्याच्या जागी नुसती सावली. पांढरी साडी नेसलेल्या नवरीचा फोटो मी आजवर काढला नव्हता. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवलं की उजेड वाढून चेहरा दिसायचा, पण राखेसारखा, आणि साडी विरघळून जायची. पुन्हा काढला. तेच. मांडवातल्या भोंग्यावरून नवरीला घेऊन या म्हणून सांगितलं. नवरदेव येऊन बसला होता, वंदना थांबली होती.

आत्याबाईंनी माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये पाहिलं. ‘पाह्य! म्हटलं होतं का नाही? कोळसा दिसून राह्यली. लाव व पोरी ते गोरं करायचं बटन, अन् चाला.’

बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं. सुकेशिनीनं माझ्याकडं पाहिलं. वहिनी तिच्या पाठीमागं पदराच्या निऱ्या दोन्ही हातांनी धरून उभी होती, तोंडात पिना. तिला बोलता येत नव्हतं. ‘हूं हूं,’ एवढंच ती म्हणाली. हलू नका. मला ते ऐकू आलं, आणि बटण दाबलं तर वहिनीचा फळा कायमचा गेला हेही मला माहीत होतं.

आत्याबाई मांडवाकडं जायला मागच्या अंगणात उतरल्या, आणि पोरीला आणखी चार शब्द सुनवावेत म्हणून भर उन्हात कमरेवर हात ठेवून वळल्या. त्या वळल्या तशी सुकेशिनीच्या डाव्या गालावर उजेड आला. त्या बाजूला झाल्या, गेला. मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग मी बोलले, पण माझं नेहमीचं, कोणाला ऐकू न येणारं.

‘काय म्हंते व हे पोट्टी?’ आत्याबाईंनी विचारलं.

‘आत्याबाई, जरा उजेडात या,’ मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. ‘तुम्ही होत्या तिथंच, उन्हात उभ्या राहा.’

‘मी? मले कायले? नवरी ते हाये.’

‘तुमच्या साडीचा उजेड तिच्या तोंडावर पडून राह्यला जी.’

त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या साडीकडं, जशी काही ती आत्ताच कोणी नेसवली आहे. मग त्या उन्हात गेल्या. त्यांचा कमरेवरचा हात खाली आला, कारण भाचीच्या चेहऱ्यावरचा उजेड त्यांना आता समोरून दिसत होता. आणि मग त्यांनी मांडवाकडं तोंड करून अशी हाक मारली की भोंगासुद्धा झाकला जावा. ‘अवो, या व साऱ्या जणी इकडं! पांढऱ्या साडीवाल्या साऱ्या या! पोरीच्या तोंडावर उजेड पाडाचा हाये!’

त्या आल्या. मावश्या, काकवा, शेजारणी, एक म्हातारी काठी टेकत. काय चाललंय ते निम्म्यांना माहीत नव्हतं. ज्या मुलीनं कॉलेजात स्वतःचं नाव धड सांगितलं नव्हतं, तीच मी त्यांना थोडं डावीकडं, थोडं जवळ म्हणून सांगत होते, आणि त्या ऐकत होत्या. अर्धगोल करून त्या उन्हात उभ्या राहिल्या. आत्याबाईंनी आपला पदर दोन्ही हातांनी पसरून धरला, तसे सगळ्यांनी धरले. दारातल्या सावलीत सुकेशिनीचा चेहरा उजळत गेला, गोरा न होता. मी चेहऱ्यावर बोट ठेवलं. साडीचा निळा काठही राहिला आणि चेहराही.

फोटो मी आधी तिला दाखवला. तिनं मोबाईल दोन्ही हातांत धरला, भुवईतल्या रेघेवर अंगठा ठेवला. ‘हे मीच आहो,’ ती म्हणाली. मग आत्याबाईंनी मोबाईल ओढून घेतला आणि बराच वेळ दिला नाही. भोंगा पुन्हा ओरडला. त्या हळू आवाजात बोलल्या, त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. ‘तू नाही व, हे तं मी आहो. माह्या लग्नातली. माह्या लग्नाचा फोटोच नाही.’ पांढऱ्या पदरानं त्यांनी आधी मोबाईलची काच पुसली, मग डोळे.

जेवायला आम्ही शेवटच्या पंगतीत बसलो होतो. भात, वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा. वाढायला आत्याबाई स्वतः आल्या आणि माझ्या पानात एवढा भात घातला की वहिनी हसायला लागली. ‘खा व फोटोवाली. लाजू नको. मघाशी तं सरपंचासारखी बोलून राह्यली होती.’

भंडाऱ्याच्या मॅडमनी ते दोन फोटो शेजारीशेजारी ठेवून पाहिले. एकात सुकेशिनी, दुसऱ्यातही सुकेशिनी. त्यांनी पापणीवर बोट ठेवून तांबूस रंग कुठून सुरू होतो ते पाहिलं, मान आणि गाल पाहिले. शेवटी विचारलं, ‘दारातला फोटो आहे ना? मग एवढा मऊ उजेड कुठून आणला?’

वहिनी म्हणाली, ‘नवरीच्या आत्याचा हाये, मॅडम.’

वहिनीला ती जागा मिळाली, आणि पुढं मीही शिकवायला लागले. आज वर्गात गेले की मला आधी शेवटचा बाक दिसतो, आणि त्यावरची एखादी मुलगी नाव पुटपुटते तेव्हा मी पुन्हा विचारायच्या आधी तिच्याजवळ जाऊन उभी राहते. कधी कधी सुकेशिनीचा फोन येतो, तिच्या मुलीच्या वाढदिवसाचा फोटो कसा काढू म्हणून विचारायला. बाबा आता खोकत नाहीत, गेले ते. आईचा तो अर्धा राणीचा फोटो मात्र त्यांनी शेवटपर्यंत आपल्या पेटीत ठेवला होता, हे आम्हाला नंतर कळलं. या सगळ्यांनी मला काय दिलं ते त्यांना सांगायला गेले तर ते हसतील. म्हणून इथं लिहिते आहे.

त्या वर्षी नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी वहिनीनं मला बरोबर नेलं होतं. मी सवयीनं शेवटच्या बाकावर बसले. पुढं पंधरावीस मुली, हातात नव्या वह्या. वहिनीनं खडू घेतला आणि फळा आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, जिथं तिचा चेहरा कोणाला नीट दिसत नव्हता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं आणि तोंडात पिना नसतानाही तिला बोलता येत नव्हतं. मुली एकमेकींकडं पाहायला लागल्या. मोबाईल माझ्या मांडीवर होता, फोटो काढायचं मी आईला कबूल करून आले होते, पण ते सुचलंच नाही.

‘वहिनी,’ मी म्हणाले, ‘जरा उजेडात या.’

सगळ्या मुलींनी वळून माझ्याकडं पाहिलं. वहिनीनंही पाहिलं. मग ती एक पाऊल पुढं आली. खिडकीतून येणारा सकाळचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला, आणि ती वळली, आणि फळ्यावर खडूचा पहिला आवाज आला. कर्र.